पोटातली उसनी वस्ती

वायलापम्पा, १८ मे २०१७

प्रिय देमेत्रिया,

दादाचा आशीर्वाद. टेकडीवर चढून फोनमध्ये ओरडणं मला काही जमत नाही. ओरडून बोललेलं नंतर आठवतही नाही. पत्र कसं, उशाशी ठेवता येतं. म्हणून तू हसलीस तरी मी पत्रच लिहिणार, आणि बसवाला आहे तोवर ते पोचणार.

शेतकऱ्यांच्या संताचा, सान इसिद्रोचा, उत्सव सोमवारी झाला. बैलांच्या शिंगांना कागदी फुलं बांधणारे हात यंदा कमी होते. मग निवृत्त मास्तर म्हणून मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "आमच्या घरात आजोबांच्या काळापासून औषधाच्या दुकानातली एक गोळी आलेली नाही. आमचं दुकान ओढ्याखालच्या खड्ड्यात आहे, कुजवलेल्या बटाट्यांचा तोकोश!" टाळ्या पडल्या. विल्मर तेवढा मान खाली घालून बुटांकडे बघत बसला होता. बापाची भाषणं पोराला पाठ असली की असंच होतं.

काल फ्लोरिंदाने आणि मी तो खड्डा उघडला. सूनबाईंनी दगड उचलले, मी गवत बाजूला केलं, आणि तोकोशचा तो वास असा काही वर आला की कुत्रं शेपूट घालून पळालं. वर्षभर वाहत्या पाण्याखाली कुजून बटाटे लोण्यासारखे झालेत. मला एकदम आईचे हात आठवले. आणि तो दिवस, शाळा तपासायला साहेब आले होते तो. तू पुढे उभी राहून ओढ्याची कविता म्हणत होतीस. "ओहोळ म्हणे खडकाला, वाट दे रे म्हाताऱ्या," एवढं म्हटलंस आणि अडलीस, कारण साहेबांनी नाकाला रुमाल लावला होता. आपल्या हातांना सकाळच्या तोकोशचा वास येत होता ना! मी मागच्या बाकावरून पुढची ओळ सांगितली, आणि मला छडी बसली. त्या वर्गाच्या खिडकीतून बर्फाचं शिखर दिसायचं. आता तिथे नवी भिंत आहे.

तुझ्या वाट्याचा तोकोश बसवाल्याबरोबर पाठवतोय. चार पदरी बांधलाय, म्हणजे प्रवासी त्याला गाडीतून ढकलून देणार नाहीत.

यादिराच्या पोटाचं काय झालं? तुझ्या लेकीचा, एदितचा, निरोप तुटक आला. तुझी नात म्हणजे माझीच नात. नीट लिही.

इलारियो

*

कोमास, लिमा, २९ मे

प्रिय दादा,

तुझा तोकोश पोचला. प्रवाशांनी कटकट केली म्हणून बसवाल्याने तो टपावर टाकला, आणि उतरवताना मला म्हणतो, "बाई, आत कुणी मेलंय का?" मी म्हटलं, "नाही रे, जिवंत आहे, म्हणून तर वास येतो."

हसले, पण तेवढंच. यादिरा बरी नाही. गेल्या वर्षी तिचा घसा सारखा सुजायचा. दर वेळी अँटिबायोटिक. घसा बरा झाला आणि पोट गेलं. दिवसातून किती वेळा जाते ते मोजायचं आता मी सोडून दिलंय. रक्त पडतं. अकरा वर्षांची पोर, दप्तर उचलताना वाकते. औषध चालू असलं की थोडं थांबतं, बंद केलं की पुन्हा सुरू.

इथल्या डॉक्टरीणबाई यौरी म्हणून आहेत. वयाने एदितएवढ्याच, पण समजावून सांगतात. म्हणाल्या, आपल्या आतड्यात जंतूंची एक मोठी वस्ती असते, आणि ती आपल्या भल्याची असते. शरीराचे पहारेकरी बहुतेक तिथेच आतड्याच्या काठाला राहतात. आपलं कोण आणि परकं कोण, हे ते त्या वस्तीकडूनच शिकतात. यादिराची वस्ती गोळ्यांनी उठली. मोकळ्या जागेत एक गुंड जंतू येऊन बसलाय. तो गोळ्यांनी मरत नाही, नुसता लपतो. त्याला हुसकायला पुन्हा वस्तीच वसवायला हवी. दुसऱ्या कुणाची तरी.

आता लिहायला लाज वाटते, पण तू भाऊ आहेस. निरोगी माणसाचं परसाकडचं घेतात. ते स्वच्छ करून नळीने पोरीच्या पोटात सोडतात. मी आधी म्हटलं, बाई थट्टा करताय का? नाही म्हणाल्या, खरंच करतात आणि गुणही येतो. पण देणाऱ्याने गेल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नसावं. ते घेणाऱ्याची वस्तीही विस्कटलेली असते, मग द्यायचं काय?

एदितने घेतलंय. तिच्या नवऱ्याने घेतलंय. आमच्या गल्लीत न घेतलेला माणूस सापडत नाही, दादा. जरा शिंकलं की दुकानात जातात. तेव्हा मला तुझं भाषण आठवलं. ते मी इथे बसूनही म्हणून दाखवू शकते. तू वयात बसत नाहीस, डॉक्टरीणबाईंना तरुण माणूस हवा. विल्मरला पाठवशील?

तुझी देमेत्रिया

*

वायलापम्पा, ६ जून

प्रिय देमेत्रिया,

तुझं पत्र चुलीपाशी बसून वाचलं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मला मनापासून आवडलं. पोटात शाळा भरते, जंतू मास्तर आणि पहारेकरी विद्यार्थी! माझी सगळी हयात मुलांना हेच शिकवण्यात गेली, आपलं कोण नि परकं कोण. आणि मास्तरांना हाकलून दिलं की वर्गात एखादा दांडगट पोरगा बाकावर उभा राहतो, हेही मी पाहिलेलं आहे.

मग मी विल्मरला काम सांगितलं. तो सूप पीत होता. चमचा तसाच हातात राहिला.

"हे द्यायला मी लिमाला जाऊ?"

"हो."

"बाबा, लोक लिमाला नोकरीला जातात."

फ्लोरिंदा शालीत तोंड लपवून हसत होती. "जा की," म्हणाली, "इथे तर फुकट शेतात टाकता. तिथे निदान डबीत घालून वर नाव लिहितील."

मी हसलो, तो हसला नाही. उठला आणि मेंढवाड्याकडे गेला. मी मागोमाग गेलो. अंधारात कुंपणाला टेकून उभा होता. म्हणाला, "दुसरं कुणी बघा ना." मी विचारलं, का? तर कुंपणाची काठी घट्ट करू लागला. पोरगा लाजाळू, तुला माहीत आहे. लहानपणीसुद्धा ओढ्याच्या पलीकडे, मोठ्या दगडाआड जायचा. मी त्याला म्हटलं, "पोरीचं रक्त वाहून जातंय आणि तुला लाज सुचते? आपल्या घरात जे आहे ते साऱ्या लिमात कुणाकडे नाही. हे देणं म्हणजे मानाची गोष्ट आहे." त्याने मेंढवाड्याची कडी लावली आणि म्हणाला, "जातो."

शुक्रवारच्या बसने येईल. त्याच्याबरोबर चीज आहे. यादिराला सांग, मामा तुझ्यासाठी घरचं सोनं घेऊन येतोय, फक्त नाक दाबून घ्यायचं.

इलारियो

*

कोमास, २१ जून

प्रिय दादा,

विल्मर पोचला आणि कामही झालं. रक्त तपासलं, बाकी सगळं तपासलं, कुठलाही रोग निघाला नाही. डॉक्टरीणबाईंनी काय काय विचारलं, त्याने उत्तरं दिली. काल यादिराला नळीने सोडलं. पोर तासभर कुशीवर पडून होती. मला म्हणाली, "आजी, आता मला पण मेंढरांची भाषा कळेल का?"

एदितने विल्मरचे हात धरून डोळ्यांना लावले. तो अवघडला बिचारा.

गुणी पोरगा आहे तुझा. शहराने फार थकलाय. परत आला की त्याला खोदून खोदून काही विचारू नकोस. आराम करू दे.

चीज छान होतं.

देमेत्रिया

*

कोमास, ३० जुलै

दादा,

महिनाभर मी लिहिलं नाही, कारण लिहावं असं काही नव्हतं. आठवडाभर पोर बरी होती. शिरा मागितला, खाल्ला. मग पुन्हा सगळं तेच, आधीपेक्षा जास्त. आता ती हॉस्पिटलातच आहे. हाताच्या काड्या झाल्यात.

डॉक्टरीणबाई म्हणतात, देणारा चांगला होता, कागदावर सगळं ठीक होतं, तरी वस्ती बसली नाही. म्हणजे पोरीचं शरीरच नवी वस्ती घेत नसावं. मग पुन्हा तोच खेळ करून पोरीला शिणवण्यात अर्थ नाही. मोठं आतडं काढावं लागेल म्हणतात. पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावायची. जन्मभराची. ऑगस्टअखेर ठरवतील.

एदित रात्रंदिवस तिच्या उशाशी असते. काल मला म्हणाली, "आई, इलारियोमामाने आपल्यापासून काही लपवलं असेल का? एवढं मोठं बोलतो, त्याच्या घरातलं खरं काय ते कुणाला माहीत?" मी म्हटलं, "असेलही बाई, काही लपवलं असेल तर त्यालाच ठाऊक."

राग येईल तुला. येऊ दे. पोर माझी जातेय. तू विल्मरला एकदा नीट बसवून विचार, तिकडे काही झालं होतं का. तू विचारलंस तर तो सांगेल. आणि काही निघालं, तर तूच डॉक्टरीणबाईंना लिही, तुझ्या अक्षरात. मास्तरांच्या पत्राला मान असतो.

देमेत्रिया

*

वायलापम्पा, ८ ऑगस्ट

देमेत्रिया,

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. मुद्दाम, विल्मर आणि फ्लोरिंदा दोघांना ऐकू जावं म्हणून. "असेलही बाई" इथे आलो तेव्हा मी कागद खाली ठेवला. साठ वर्षं तू मला ओळखतेस. तुझ्या लेकीने माझ्यावर संशय घेतला, आणि तुझ्या तोंडून "माझा दादा तसा नाही" एवढे चार शब्द निघाले नाहीत.

मी त्याच घडीला तुला पानभर खरमरीत लिहिलं असतं. पण फ्लोरिंदाने हातातली परात खाली ठेवली आणि म्हणाली, "मामंजी, मी दिलं."

"काय दिलंस?"

"इंजेक्शन. मेंढरांचं. खूर सडतात तेव्हा देतो ते पिवळं."

बटाटे काढायच्या दिवसांत विल्मरला ताप भरला होता म्हणे, छातीत कफ होता. मला वाटत होतं तो वरच्या कुरणात राहतोय. तो मेंढवाड्यात पडून होता, आणि माझी सून त्याला मेंढराचं ते औषध, म्हणजे अँटिबायोटिकच, टोचत होती, रोज संध्याकाळी, मी इकडे चुलीपाशी जुन्या कवितांची वही चाळत असताना.

मी विल्मरला विचारलं, "मला का सांगितलं नाहीस?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही आधी भाषण दिलं असतं, मग तोकोश दिला असता. भाषणाने ताप उतरत नाही, बाबा. आणि उत्सवात तुम्ही सगळ्या गावासमोर बोललात, आमच्या घरात एक गोळी नाही. मी तिथे उभा राहून काय सांगणार होतो? की गोळी नाही, सुई आहे?"

"आणि हॉस्पिटलात? तिथे डॉक्टरीणबाईंनी विचारलं असेल ना?"

"विचारलं, माणसांचं काही औषध घेतलंस का. म्हटलं नाही." आणि फ्लोरिंदा मध्येच म्हणाली, "जनावराचं औषध कुणी औषधात धरतं का, मामंजी? इथे सगळेच घेतात. तुमच्यापुढे बोलत नाहीत, एवढंच."

सगळेच घेतात. मी ज्या गावात टाळ्या घेतल्या, ते गाव टाळ्या वाजवून घरी जाऊन मेंढराची सुई टोचून घेतं. बरं, तेही एक वेळ गिळलं असतं.

पण मी म्हणालो, "म्हणजे तू आत्यालाही फसवलंस." तेव्हा विल्मरने मान वर केली. इतका वेळ त्याने माझ्याकडे बघितलंच नव्हतं.

"आत्याला सांगितलं होतं मी," म्हणाला. "पहिल्याच संध्याकाळी. तिच्या स्वयंपाकघरात. मला राहवेना. ती म्हणाली, 'मेंढराचं होतं ना? मग झालं. जेव आणि झोप. उद्या कुणाला बोलू नकोस.'"

माझा विश्वास बसला नाही. लेकाला म्हटलं, खोटं बोलतोस. त्याने शपथ घेतली नाही, वाद घातला नाही, नुसता उठून बाहेर गेला. त्यावरून मला कळलं.

मग मी टेकडी चढलो. या गुडघ्यांनी चढलो, आणि तुला फोन लावला. तू उचललास. मी म्हटलं, "देमेत्रिया, विल्मरने तुला सांगितलं होतं का?" तू म्हणालीस, "ऐकू येत नाही." मी पुन्हा विचारलं. पुन्हा "ऐकू येत नाही, दादा," आणि फोन बंद. तिथे वारा नव्हता. मला तुझा श्वास ऐकू येत होता.

एदितचा नंबर माझ्याकडे नाही. जो नंबर आहे तो तुझा. म्हणून हे पत्र बसवाल्याच्या हातात देतोय. तो परवा उलटा येईल, त्याच्याबरोबर उत्तर दे. पोरीचं शरीर वस्ती घेत नाही म्हणून तिचं आतडं कापायला निघालेत, आणि खरं तर त्यांनी तिच्या पोटात वसवली ती जळलेली वस्ती होती. हे तुला ठाऊक आहे. हे तुला आठवड्यामागून आठवडे ठाऊक आहे.

इलारियो

*

कोमास, १० ऑगस्ट

दादा,

सांगितलं होतं.

मी भांडी घासत होते. तो बटाटे सोलत होता आणि सोलता सोलता बोलला. मी नळ बंद केला. पण मागच्या खोलीत यादिरा कण्हत होती. आदल्या दिवशीच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हा नसेल तर दुसरा देणारा शोधायला किती महिने लागतील सांगता येत नाही. मला वाटलं, मेंढराचं औषध माणसाच्या वस्तीला काय करणार? खरं सांगू? असं मला वाटलं नाही. असं वाटावं म्हणून मी जोर लावला. दुसऱ्या दिवशी एदित त्याचे हात डोळ्यांना लावत होती, तेव्हा तर तोंड उघडणंच शक्य नव्हतं.

आणि वस्ती बसली नाही तेव्हा मी वाट बघत राहिले, तुझ्याकडून निघेल. म्हणून तुला तसं लिहिलं. तू विचारशील, तो सांगेल, तू डॉक्टरीणबाईंना कळवशील, आणि त्यात मी कुठे नसेन. वाईट केलं. पण फोनवर तुझा आवाज ऐकला आणि मी फोन बंद केला.

आता ऐक. पोरीसाठी ऐक. डॉक्टरीणबाईंना हे कळलं तर त्या पुन्हा एकदा करून बघतील, नक्की बघतील. फ्लोरिंदाने घेतलंय का काही? नसेल तर तिला पाठव. विल्मरने लपवलं म्हणून तिला सांगू दे. तो पुरुष माणूस, लांब राहतो, एदित चार शिव्या देईल आणि पोर बरी झाली की विसरेल. पण मी एदितच्या घरात राहते, दादा. तिच्या भिंतीला माझा पलंग आहे. तिच्या पोरीच्या पोटात मी जाणूनबुजून काय जाऊ दिलं, हे तिला कळलं तर मी कुठे जाऊ? माझं नाव त्यात आणू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागतेय तुझ्याकडे.

देमेत्रिया

*

वायलापम्पा, १३ ऑगस्ट

देमेत्रिया,

हे पत्र फ्लोरिंदाच्या हाती देतोय.

तिने कधी काही घेतलेलं नाही, ना माणसांचं ना मेंढरांचं. मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती चिडली, "मामंजी, टोचणारी मी होते, टोचून घेणारी नव्हे!" भाषणाची भीती नसल्यावर माणसं कशी खडखडीत खरं बोलतात.

ती बसमधून उतरून सरळ हॉस्पिटलात जाईल आणि एदितला भेटेल. तिच्या गावची एक मैत्रीण बाजाराजवळ राहते, तिथे ती मुक्काम करील. तुझ्या घरी राहणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरात आमच्या घरातल्या एकाने खरं सांगितलं आणि त्याला जेवून झोपायला सांगितलं गेलं. दुसरीला तिथे बसवायची माझी तयारी नाही.

इलारियो

*

कोमास, ९ ऑक्टोबर

दादा,

यादिरा घरी आली. डॉक्टरीणबाईंनी आतड्याला हात लावला नाही. फ्लोरिंदाकडून इंजेक्शनचं कळल्यावर त्या डोक्याला हात लावून बसल्या, आणि मग लगेच कामाला लागल्या. या वेळी बसली. पाच आठवडे झाले, रक्त नाही, आता ती दिवसातून एकदा जाते, आणि गेल्या आठवड्यापासून शाळेतही जाते. गाल परत आलेत. फ्लोरिंदाला 'वस्तीवाली मामी' म्हणते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहारेकरी पुन्हा शिकतील, वेळ लागेल. मला एवढं पुरे आहे.

बाकीचं लिहिते. तुझ्या सुनेने हॉस्पिटलच्या मधल्या दालनात, बाकावर बसून, एदितला सगळं सांगितलं. आवाज न चढवता. विल्मरचं सांगितलं, स्वतःचं सांगितलं, आणि मग स्वयंपाकघरातलं. मी पाणी आणायला गेले होते. परत आले तेव्हा एदित उभी होती. तिने माझ्या हातातला ग्लास घेतला, यादिराला नेऊन दिला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. कामापुरतंही नाही. भाजी आणायची असेल तर पैसे टेबलावर ठेवते. गेल्या रविवारी पहिल्यांदा तोंड उघडलं, ते हे सांगायला की डिसेंबरपर्यंत दुसरीकडे सोय बघ. यादिरा विचारते, आजी का रडते? एदित सांगते, "कांदा चिरतेय."

विल्मरला मात्र तिने फोन केला. टेकडीवर बोलावून घेतलं त्याला, आणि स्वतः माफी मागितली. त्याच्यावर रागावली होती म्हणून.

सगळं खरं, दादा. पोर बरी झाली, मला देवाकडे आणखी काही मागायचं नाही. तुझ्याकडेच एक मागितलं होतं. विल्मरने लपवलं एवढं सांगूनही डॉक्टरीणबाईंनी तेच केलं असतं. पोरीला काही कमी पडलं नसतं. एक नाव गाळता आलं असतं.

देमेत्रिया

*

वायलापम्पा, १७ ऑक्टोबर

देमेत्रिया,

यादिराचं वाचून मी ओसरीवर एकटाच बसून राहिलो. फ्लोरिंदाने येऊन सांगितलं होतंच, पण तुझ्या अक्षरात वाचलं तेव्हा खरं वाटलं. पोर शाळेत जाते, हे वाक्य मी कितीदा वाचलं ते सांगत नाही.

हो. एक नाव गाळता आलं असतं. डॉक्टरीणबाईंचं काम त्यावाचून अडलं नसतं. तू म्हणतेस ते बरोबर आहे.

आणि तुला कळावं म्हणून लिहितो, मी ते गाळणारच होतो. तुझं पत्र आलं त्या रात्री मनात ठरवलं होतं. तू धाकटी, लहानपणी तुझ्यासाठी मी पुष्कळ सोसलंय, हेही सोसू असं वाटलं. सकाळी फ्लोरिंदा गाठोडं बांधत होती. मी तिला हाक मारली, "सूनबाई, एक गोष्ट ध्यानात ठेव." ती थांबली. तेवढ्यात दारात सावली पडली. विल्मर उभा होता. आत आला नाही. मी काय सांगतो ते ऐकायला उभा होता.

त्याच्यावर मी विश्वास ठेवला नव्हता, तुझ्यावर ठेवला होता. त्याला चुलीपाशी खोटारडा म्हणालो होतो, तुझ्यासाठी. आता तुझं नाव झाकायला मी त्याचं नाव पुढे करतोय का, हे बघायला तो आला होता. असा चेहरा मी वर्गात पुष्कळदा पाहिला आहे, देमेत्रिया. गुन्हा दोघांचा, आणि छडी कुणाला बसते इकडे लक्ष लावून उभा राहिलेला पोरगा.

मी म्हणालो, "काही वगळू नकोस."

त्याने मान हलवली आणि मेंढरं सोडायला गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलतो, पण जपून बोलतो. मी त्याच्याशी आणखी जपून. उत्सवात आता मला कुणी बोलायला लावलं तरी मी उभा राहणार नाही. आपण घर म्हणतो ते कुठवर आपलं असतं आणि कुठून परकं होतं, हे मला या वयात पुन्हा पहिलीपासून शिकावं लागतंय, आणि शिकवायला कुणी नाही.

तुला माझ्यावर राग आहे. असू दे. मलाही तुझ्यावर आहे, आणि तो गेला असं मी खोटं लिहिणार नाही. तू फोनमध्ये घेतलेला तो श्वास मला अजून ऐकू येतो.

एदितने डिसेंबरपर्यंत सांगितलंय ना? मागची खोली मोकळी आहे. फ्लोरिंदाने झाडून ठेवली आहे, मी सांगितलं नव्हतं. यायचं तर ये. बसथांब्यावर मी येणार नाही. वाट तुला माहीत आहे.

इलारियो